झाकलेली भिंत

वस्तीत तिला सगळे फोटोवाली म्हणत. ती फोटो काढत नसे. तिचा एकदा फोटो निघाला होता, एवढंच.

तो फोटो अजून वस्तीच्या सभागृहात खिळ्याला टांगलेला आहे. जुन्या कॅलेंडरचं पान. ती कोरड्या नळासमोर बादली घेऊन उभी आहे. मान थोडी कललेली, ओठ मिटलेले, नजर कॅमेऱ्याच्या जरा खाली. बघणाऱ्याच्या पोटात तुटावं असा चेहरा. खरं तर त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. पण ज्या दूरच्या लोकांनी ते कॅलेंडर छापलं, त्यांना तो चेहरा फार भावला. त्या वर्षी वस्तीला ब्लँकेटं मिळाली. ऐन उन्हाळ्यात मिळाली, पण मिळाली.

त्यानंतर कोणी देणारे पाहुणे यायचे असले की तिला पुढे करत. तीही शिकत गेली. कधी बोलायचं, बोलता बोलता कुठे थांबायचं, हात कसे ठेवायचे. हात तर आपोआप कामाला येत. ती टायरवर नवं रबर चढवणाऱ्या कारखान्यात होती. दिवसभर जुना टायर मांडीत घेऊन त्याच्या खाचांतले खडे स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढायचे, हे तिचं काम. हातांच्या रेषांत काळं बसलं होतं, ते कशानेच निघत नसे. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिचा दादा मुद्दाम सांगून जाई, साबण लावत बसू नकोस.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. टेम्पो चालवायचा. वस्तीच्या समितीचा अध्यक्षही तोच. सगळी वस्तीच त्याला दादा म्हणायची, त्यामुळे सख्खेपणाचा तिला वेगळा असा काही फायदा नव्हता.

घरी ती आणि तिची थोरली जाऊ. जाऊबाईचा नवरा वारला होता. हिचा एक दिवस कामाला म्हणून गेला, तो आलाच नाही. जाऊबाई म्हणायची, "दोघा भावांत माझाच सरळ. निदान सगळ्यांसमोर गेला." जाऊबाई कमरेपासून खाली लुळी पडली त्याला बरीच वर्षं झाली होती. तिची खाट मागच्या खोलीत, खिडकीशी. उठता येत नसे, पण वस्तीत कोणाचं कोणाशी बिनसलंय हे सगळ्यांत आधी तिला कळायचं. उशाशी एक जर्मनची ताटली आणि पळी असायची. ताटली हळू वाजली तर तिला पाणी हवं असायचं. जोरात वाजली तर भांडायला कोणीतरी हवं असायचं.

त्या खिडकीतून मागचा उतार दिसायचा.

वस्ती टेकडीच्या अंगावर चढत गेली होती. वरची आळी, मधली आळी, खालची आळी. यांचं घर अगदी खाली, टेकडी कापून काढलेल्या जागेत. मागच्या वर्षी त्या कापातून माती सुटली. स्वयंपाकाची खोली भरून गेली. मागच्या खोलीत चिखल शिरला, तो जाऊबाईच्या खाटेच्या पायाशी येऊन थांबला. का थांबला, ते कोणालाच सांगता येईना. लोकांनी तिला उचलून बाहेर आणलं तेव्हा ती म्हणाली, "यायचं तर दार वाजवून तरी यायचं."

सगळे हसले. फोटोवाली हसली नाही. पळता न येणाऱ्या माणसाला घेऊन ती त्या उताराखाली राहत होती. दुसरीकडे जागा परवडणारी नव्हती. त्या दिवसापासून कारखान्यात कुठे काही जड पडलं तरी तिचे हात थांबायचे.

उतार अडवायची भिंत तिथून सुरू झाली.

कारखान्याच्या मागे दुरुस्तीच्या पलीकडे गेलेले टायर ढिगाने पडून असत. तिने मालकाला विचारलं. मालक म्हणाला, ने, फक्त परत आणू नकोस. दादाच्या टेम्पोतून ते वस्तीत आले. मधल्या आळीतल्या गवंड्याने अशी भिंत कुठल्याशा कामावर पाहिली होती. टायर आडवा ठेवायचा, आत माती भरायची, धुमसाने ठोकून ठोकून घट्ट करायची. त्यावर दुसरा, जरासा उताराकडे सरकवून. दर घराने आपापले टायर भरायचे, असं ठरलं. पण लोक वरवर माती भरून मोकळे होऊ लागले. तेव्हा वस्तीने एक नियम केला. टायर नीट भरला आहे की नाही, हे त्या घराशी ज्याचं सगळ्यांत जास्त भांडण असेल त्याने ठरवायचं. मग काय विचारता. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एकमेकांच्या टायरवर उभं राहून नाचायला लागली. एक बोट जरी आत रुतलं तरी माती पुन्हा काढायला लावत. भांडणांचा एवढा उपयोग आजवर कोणी केला नसेल.

वरच्या आळीचं धुण्याभांड्याचं पाणी त्या उतारात मुरायचं. ते तुंबू नये म्हणून गवंड्याने भिंतीच्या तळाशी पाइपचे तुकडे बसवले होते. त्यांतून पाणी बाहेरच्या चरात टपटपत पडे. जाऊबाईला त्या आवाजाची सवय झाली होती. म्हणायची, टपटपतंय तोवर मी झोपते.

अर्धी भिंत झाली आणि काम अडलं. वरचे थर लोकांच्या आवाक्याबाहेरचे होते. जाळी हवी होती, सिमेंट हवं होतं, एखादा जाणता इंजिनियर हवा होता. पावसाळा जवळ येत होता. अर्ध्या भिंतीच्या वर उतार तसाच उघडा होता.

तेवढ्यात शहरातल्या एका संस्थेची मुलगी आली. नवीनच लागली होती. सभागृहात सगळ्यांना बसवून तिने सांगितलं की दूरच्या देशातला एक निधी आहे. तो स्वतः काही बांधत नाही. लोकांनी आपणहून ठरवलेलं, आपणहून सुरू केलेलं काम असेल तर ते तडीला न्यायला हातभार लावतो. पैसे कसे वापरायचे ते लोकच ठरवतात. निधीच्या एक बाई पुढच्या आठवड्यात येतील. आणखी दोन वस्त्या बघतील आणि तिन्हींपैकी एकाच वस्तीचं काम घेतील. तुम्ही जे काही केलंय ते मोकळेपणाने दाखवा, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

दादाने मान डोलावली. मुलगी वळणाआड गेली तसं त्याने दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "झाकायला घ्या."

हे झाकणं वस्तीत मुरलेलं होतं. फार पूर्वी वस्तीने स्वतःच्या हातांनी मुलांसाठी वाचायची खोली बांधली होती. तिला पिवळा रंग दिला होता. तेव्हा आलेल्या पाहुण्यांनी ती खोली बघितली, कौतुक केलं, चहा घेतला, आणि तुम्ही तर सावरलात की, असं म्हणून नाल्यापलीकडच्या वस्तीला मदत दिली. त्यानंतर आलेल्यांनी सभागृह बांधलं. वस्तीला हवा होता दवाखाना. पण वस्तीला कोणी विचारलं नव्हतं. सभागृहाच्या दारावर देणाऱ्याचं नाव मात्र मोठं होतं. वस्तीने यातून एकच धडा घेतला. जे आहे ते दाखवलं तर काही मिळत नाही. नाही ते दाखवलं तर निदान सभागृह मिळतं.

म्हणून पाहुणे यायचे असले की वस्ती झाकायची. सायकली मागच्या मागे जात. पडदे उतरत. पिवळ्या खोलीपुढे लाकडं रचली जात. मुलांना धुवट कपड्यांवरून ओरडा बसे.

गवंडी थोडा कुरकुरला. म्हणाला, ही पोरगी काही वेगळं सांगत होती. दादा म्हणाला, येताना सगळेच वेगळं सांगतात.  फोटोवाली दादाला चारचौघांत कधीच उलट बोलत नसे. शिवाय तिलाही तेच वाटत होतं. गेली कित्येक वर्षं तिच्या चेहऱ्यावरच वस्तीचं चाललं होतं.

सायकली लपवणं सोपं. भिंत कुठे नेणार? आदल्या दुपारी लोकांनी तिच्यावर ताडपत्री टाकली. मग फोटोवाली लांब जाऊन उभी राहिली आणि तिने पाहुण्याच्या नजरेने बघितलं. हे काम तिच्याशिवाय कोणाला जमत नसे.

"ताडपत्री दिसतेय," ती म्हणाली. "वरून माती लोटा. उतारच वाटायला हवा."

लोकांनी माती लोटली. दिवस मावळायच्या आत भिंत नाहीशी झाली. उघडा, भेसूर उतार तेवढा राहिला. तो बघून तिला स्वतःलाच कसंतरी झालं. म्हणजे काम चोख झालं होतं.

ती घरात आली तर जाऊबाई छताकडे बघत पडली होती. "पुरून आलात?"

"उद्या संध्याकाळी काढू परत."

"काढाल गं. पण आवाज येत नाहीये."

फोटोवालीच्या खांद्यांत कळा येत होत्या. एक दिवस टपटप नाही ऐकली तर काय बिघडतं, असं काहीतरी ती पुटपुटली आणि भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. निधीच्या बाई उंच, पांढऱ्या केसांच्या. बुटांना आधीच्या वस्त्यांची लाल माती लागलेली. बरोबर गळ्यात कॅमेरा घातलेला एक माणूस आणि संस्थेची मुलगी. बाईंची भाषा वस्तीला येत नव्हती, वस्तीची बाईंना. मधे मुलगी.

दादा फाटका शर्ट घालून पुढे झाला. तो शर्ट खास ठेवणीतला होता. सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. बाईंनी खुर्ची घेतली नाही, त्या भिंतींकडे बघत फिरल्या. कॅलेंडरसमोर थांबल्या. मग वळून फोटोवालीकडे बघितलं. पुन्हा कॅलेंडरकडे.

या तुम्हीच का, असं त्यांनी मुलीकरवी विचारलं. फोटोवाली हो म्हणाली. तेव्हा काय झालं होतं, त्यांनी विचारलं. कोणी आजवर हे विचारलं नव्हतं. दाढ, हा शब्द तिच्या जिभेवर आला. दादा बघत होता. ती म्हणाली, पाणी नव्हतं. आणि थांबली. जिथे थांबायचं तिथेच.

बाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग त्या दादाकडे वळल्या. तुम्ही लोकांनी इथे काय सुरू केलंय?

दादा म्हणाला, "आम्ही काय सुरू करणार? हातावर पोट."

मुलीने ते सांगितलं. सांगताना तिचा आवाज खाली गेला. बाईंनी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. पुढे काय करायचं असं तुम्ही मिळून ठरवलं असेल ना?

"तुम्ही ठरवाल ते," दादा म्हणाला. त्याच्या दृष्टीने याहून नम्र उत्तर असूच शकत नव्हतं. तो किंचित वाकलाही.

बाईंनी हातातलं पेन टोपण लावून खिशात ठेवलं. संस्थेच्या मुलीने ते बघितलं. फोटोवालीनेही बघितलं. चेहरे वाचण्यातच तिचा जन्म गेला होता. दया आलेला चेहरा तिला लांबून ओळखू यायचा. हा तो नव्हता. हा निरोप घेणारा चेहरा होता.

तेव्हा खालून ताटलीचा आवाज आला.

आधी कोणी लक्ष दिलं नाही. पण तो थांबेना. हळू नाही, जोरात नाही, सलग. दादा पाहुण्यांना सांगू लागला की हिची जाऊ अंथरुणाला खिळलेली आहे, फार हाल आहेत. त्याने बहिणीला डोळ्यांनी खुणावलं, जा. त्याला तो आवाज वेळेवर आल्यासारखा वाटला होता.

ती खाली धावली. मागच्या खोलीत शिरताच पाय गार पडले. जमिनीवर पाणी होतं. मागची भिंत पत्र्याची. पत्र्याच्या खालून गढूळ पाणी आत येत होतं. आणि पत्रा सरळ राहिला नव्हता. मधोमध फुगून खाटेकडे आला होता. तिने तळवा टेकला. पत्र्यामागे काहीतरी जड होतं आणि ते सरकत होतं.

"कालपासून सांगतेय," जाऊबाई म्हणाली. तिने ताटली खाली ठेवली होती. "आणि आज वरच्या आळीने सकाळपासून अख्खी आळी धुतलीय. पाहुणे येणार म्हणून."

हे खरं होतं. वरच्या आळीतल्या बायकांना गरीब दिसायला हरकत नव्हती, घाणेरडं दिसायला होती. ते सगळं पाणी भिंतीमागे उतरलं होतं. आणि पाइपांची तोंडं मातीखाली होती. लोटा, असं तीच म्हणाली होती.

तिने जाऊबाईच्या काखेत हात घातले. उचलेना. पाय ओल्यात घसरले. पुन्हा प्रयत्न केला. खाट दारातून एकटीला निघणारी नव्हती. शेजारची घरं रिकामी, सगळे सभागृहात. पत्र्याचा एक खिळा निघाला आणि पाण्यात पडला.

"सोड मला आणि माणसं आण," जाऊबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "धाकटे. जा."

चढ तिने कसा कापला तिला आठवत नाही. सभागृहाच्या दारात पोचली तेव्हा सगळे उभे होते. बाई दादाचा हात हातात घेऊन निरोप घेत होत्या. दादाने बहिणीला दारात बघितलं. तिच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघितलं. काहीतरी झालंय हे त्याला कळलं. त्याने डोळ्यांनीच सांगितलं, जरा थांब. जाताहेत.

ती थांबली. खरोखर थांबली, त्या निरोपापुरती. बोललं की खोटं उघडं पडणार होतं. मदत दुसऱ्या वस्तीला जाणार, भिंत अर्धीच राहणार, आणि पावसाळ्यात उतार यायचा तो येणारच. तिच्या डोक्यात एवढं सगळं सरळ ओळीत उभं होतं. आणि त्याच्या पलीकडे पाण्यात पडलेला तो खिळा.

"दादा, पाइप तुंबलेत," ती म्हणाली. "भिंत फुगलीय."

 दादा हसला. पाहुण्यांसमोरचं ते हसू तिला पाठ होतं.

"कुठली भिंत?"

तिने त्याच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत त्याला उत्तर दिलं.

"आपली. तू टेम्पोतून टायर आणलेस ती. मी झाकायला लावली ती. जाऊबाई एकटी आहे आत. मला उचलत नाहीये."

गवंडी तोवर दाराबाहेर पडला होता. त्याच्यामागे मधली आळी. मग बाकीचे, कोणाच्या हातात फावडं, कोणाच्या हातात सभागृहातलीच टोपली. संस्थेची मुलगी भाषांतर करायचं विसरून गेली. बाईंनी तिचा दंड धरून काय झालं विचारलं. तिने फक्त सांगितलं की इथे एक भिंत आहे, आणि तीही धावली.

दादा क्षणभर रिकाम्या सभागृहात उभा राहिला. मग तोही निघाला, आणि वाटेत त्याने सगळ्यांना मागे टाकलं.

खोलीत पाणी घोट्यावर आलं होतं. दादा आणि फोटोवाली उशाकडून, गवंडी पायाकडून. खाटेचा चौथा कोपरा कोणी धरला ते कोणी बघितलं नाही. दारातून बाहेर पडल्यावर उजेडात दिसलं, निधीच्या बाई. बूट पाण्याने भरलेले, खाटेची दांडी खांद्यावर घेतलेली.

जाऊबाईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "पाहुणीला खांदा द्यायला लावलात? अरे, मी आहे अजून."

कोणी भाषांतर केलं नाही. कोणी हसलंही नाही. कारण तेव्हाच मागे पत्रा फाटला. आवाज मोठा नव्हता. ओलं कापड फाटावं तसा. चिखल आला, त्याच्याबरोबर भिंतीच्या कोपऱ्यातले टायर आले, एकावर एक, मातीने गच्च भरलेले, वजनदार. खाटेच्या पायांनी जमिनीत पाडलेले जुने खळगे होते, त्यांच्यावर येऊन बसले.

फोटोवालीने ते दारातून बघितलं. तिचे हात थांबले.

"बघत काय बसलात, पाइप उघडा," गवंडी मागून ओरडला.

सगळे भिंतीवर तुटून पडले. आदल्या दिवशी लोटलेली माती आता चिखल झाली होती. फावडी रुतत. शेवटी लोकांनी हातांनीच माती ओढायला घेतली. ताडपत्री निघाली. खालचे टायर उघडे पडले. फोटोवालीने पोटावर झोपून पहिल्या पाइपचं तोंड बोटांनी उकरलं. खाचेतला खडा उकरतात तसं, कडेने, हळूहळू. चिखलाची गुठळी सुटली आणि पाणी तिच्या तोंडावर आलं. मग दुसरा पाइप. मग पलीकडचा. वर कोणीतरी धावत जाऊन वरच्या आळीचं धुणं थांबवलं.

कोपरा पडला होता. बाकीची भिंत तिथेच होती. गवंडी कान लावून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, बसलीय. हलत नाही आता.

लोक जमेल तिथे बसले. दादा चरात बसला. त्याचा ठेवणीतला शर्ट आता खरोखरच फाटला होता. जाऊबाईची खाट उन्हात रस्त्यावर. तिला बऱ्याच दिवसांनी समोरासमोर माणसं दिसत होती, आणि ती प्रत्येकाकडे टक लावून बघत होती.

बाई भिंतीशी गेल्या. एका टायरवर हात ठेवला. मग वळून विचारलं. मुलीने सांगितलं, आता तिच्या आवाजातही धार होती. त्या विचारताहेत, हे का झाकलंत?

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. दादा मान वर करेना. फोटोवाली तोंडावरचा चिखल पुसत होती. ती काय बोलली ते तिने आधी ठरवलेलं नव्हतं.

"दाखवलं तर मिळत नाही म्हणून," ती म्हणाली. "तुमच्यासारख्यांनीच शिकवलं हे. आम्ही नीट शिकलो." आणि जरा वेळाने, "त्या फोटोत माझी दाढ दुखत होती. पाणी त्या दिवशी सकाळीच येऊन गेलं होतं."

मुलीने एक एक वाक्य सांगितलं.  बाईंचा चेहरा फोटोवालीला वाचता येईना. मग त्या इतकंच म्हणाल्या की आज मी कसलाही शब्द देऊ शकत नाही. तुम्ही मला खोटं सांगितलं, हे मला लिहावं लागेल. आमच्यासारख्यांनी तुम्हाला इथवर कसं आणलं, हेही लिहावं लागेल. मग पडलेल्या कोपऱ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, हा आता कसा बांधणार?

बस, एवढं पुरलं. गवंडी म्हणाला, कोपरा गोलाकार घ्यावा लागेल. दादाने मान वर केली आणि म्हणाला, गोल घेतला तर टेम्पो वळणार कसा. मधल्या आळीतली एक बाई म्हणाली, तुझ्या टेम्पोसाठी आम्ही मरायचं का. वरच्या आळीवर सगळे एकदम घसरले. वरच्या आळीने सांगितलं, आमचं पाणी नको असेल तर आम्हाला वेगळा चर काढून द्या. पडलेल्या टायरांपैकी एक कोणाचा, यावरून जुनं भांडण निघालं. तो भरणारा म्हणाला, माझा घट्टच होता. त्याचा शेजारी टायरवर चढून नाचून दाखवू लागला. टायर तसूभर दबेना. शेजाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

पाहुणे आहेत हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. बाई एका टायरवर बसल्या. मुलगी शेजारी बसून जमेल तेवढं सांगत होती, नंतर तीही थांबली. बाईंना भाषा येत नव्हती, पण त्या ज्याच्या तोंडून शब्द निघेल त्याच्याकडे वळून बघत होत्या. खालून गाडीचा हॉर्न दोनतीनदा वाजला. त्या उठल्या नाहीत.

त्या पावसाळ्यात मदत आली नाही. वस्तीने कोपरा स्वतःच बांधला, गोलाकार, आणि दादाचा टेम्पो बाहेर उभा राहू लागला. पाऊस असला की दोघी गवंड्याच्या घरी जाऊन झोपत. भिंतीच्या वरचा उतार दोनदा थोडा थोडा सुटला. प्रत्येक वेळी फोटोवाली आधी पाइपांकडे धावली.

पाऊस सरल्यावर संस्थेची मुलगी आली. निधीने वस्तीचं काम घेतलं होतं. जाळी आणि सिमेंट कुठून घ्यायचं ते समितीने ठरवायचं होतं. इंजिनियरचा सल्ला मिळणार होता, हुकूम नाही. भिंतीवर कोणाचं नाव लावायचं नव्हतं. दादाने हे दोनदा विचारून घेतलं. त्याला त्यात काहीतरी गोम वाटत होती. मग त्याने अध्यक्षपणाच्या खुर्चीवर बहिणीलाही बसवलं. म्हणजे तशी दुसरी खुर्ची आणून शेजारी ठेवली. 

वरचे थर चढत होते तेव्हा तोच कॅमेरावाला पुन्हा आला. त्याला भिंतीपुढे तिचा फोटो हवा होता. ती उभी राहिली. मान आपोआप कलली. ओठ मिटले. नजर कॅमेऱ्याच्या जरा खाली गेली. तिच्या ते लक्षात आलं आणि तिने चेहरा सरळ करून बघितला. जमेना. दुसरं कसं उभं राहायचं हे तिला माहीत नव्हतं. कॅमेरावाला थांबून राहिला.

मग ती वळली. त्याच्याकडे पाठ केली, धुमस उचललं आणि समोरचा टायर ठोकायला लागली.

तो फोटो आता सभागृहात जुन्याच्या शेजारी आहे. जाऊबाईला खाटेसकट नेऊन दाखवला. तिने दोन्ही बराच वेळ न्याहाळले.

"पाठच बरी आलीय तुझी," ती म्हणाली. "तो जुना काढा. बघून माझी दाढ दुखते."